चार आठवड्यांचा नेम

उत्तरायणाच्या दिवशी बडोद्यात घरात कोणी सापडत नाही. सगळे गच्चीवर. गेल्या वर्षीच्या १४ जानेवारीला आमच्या घरात खाली मी एकटीच होते, सहा आठवड्यांच्या लेकीचं दुपटं बदलत. वरून 'काइपो छे'चा आरडाओरडा, पिपाण्या, कोणाच्या तरी स्पीकरवर गरब्याची गाणी. दुपट्यावर हिरवट, शेंबडासारखी चिकट शी होती आणि तिच्यात एक बारीक लाल रेघ. मला वाटलं, नवऱ्याच्या हाताला लागलेला मांजाचा तुकडा कुठून तरी चिकटलाय. मी तो चिमटीत धरायला गेले. तो दोरा नव्हता.

त्या आधीचे तीन आठवडे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

लेक डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. पहिले पंधरा-वीस दिवस छान गेले. मग ती संध्याकाळी रडायला लागली. पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची, दूध पिता पिता तोंड काढून किंचाळायची. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. माझी आई इंदूरहून आली होती, सासूबाई होत्या, आजेसासूबाई होत्या आणि समोरच्या गुजराती मासी दिवसातून दोनदा डोकावायच्या. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: मी काहीतरी 'वातूळ' खाल्लं असणार.

मग माझं ताट आकसायला लागलं. आधी तूरडाळ गेली. मग बटाटा, कोबी, फ्लॉवर, वांगं. मग शेंगदाणे, हिरवी मिरची, आंबट म्हणून टोमॅटो, थंड म्हणून केळं. मी कॉम्प्युटरची बी.ई., नोकरी सॉफ्टवेअरची, तेव्हा एक्सेलमध्ये तक्ता केलाच. तारीख, मी काय खाल्लं, बाळ किती वेळ रडलं. बाळ जितकं रडेल तितका 'बंद' हा रकाना लांबायचा. उत्तरायणापर्यंत मी मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, दुधीची भाजी आणि भाकरी एवढ्यावर आले होते. घरभर उंधियूचा वास आणि माझ्या पुढ्यात दुधी. वजन सहा आठवड्यांत ५८ वरून ५१ वर आलं होतं. बाळंतपणानंतर वजन उतरतंच, म्हणून कोणाला त्यात काही वाटलं नाही.

एका गोष्टीला मात्र कोणी हात लावला नव्हता. उलट ती वाढवत नेली होती. सकाळी शतावरी कल्प घालून पेलाभर दूध. अकरा वाजता अळिवाची खीर. भाकरीवर तुपाची धार नव्हे, तुपात भाकरी. चार वाजता डिंकाचा लाडू आणि पुन्हा दूध, रात्री झोपताना हळद घालून आणखी एक पेला. "दूध यायला दूध प्यावं लागतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते शास्त्रच वाटायला लागलं होतं.

वासी उत्तरायणाला दवाखाना बंद होता. डॉक्टरांना फोटो पाठवला. बाळ दूध पितंय का, ताप आहे का, पोट फुगलंय का, उलट्या होतायत का, असं सगळं त्यांनी फोनवर विचारलं आणि १६ तारखेला सकाळी यायला सांगितलं. त्या दोन रात्री मी झोपले नाही.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. शीच्या जागी चीर नाही ना ते पाहिलं, जन्मल्यावर व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलं होतं का ते विचारलं, वजनाचा आलेख काढला. वजन छान वाढत होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही काय खाता ते सांगा." मी फोनमधला तक्ता काढून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"बेन, यात जे जे बंद केलंय ते सगळं आजपासून सुरू करा. आणि जे वाढवलंय तेवढं बंद करा."

त्यांनी मग नीट समजावलं. आईनं प्यायलेल्या दुधातल्या प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंश आईच्या दुधात उतरतात. बहुतेक बाळांना त्याचं काही होत नाही. काही बाळांच्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग त्या प्रथिनांमुळे चिडतो, तिथे सूज येते, शीतून शेंबूड आणि रक्ताची रेघ येते. बाळ एरवी ठणठणीत असतं. याला ॲलर्जिक प्रॉक्टोकोलायटिस म्हणतात. यासाठी ॲलर्जीची रक्ततपासणी उपयोगाची नाही, ती वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीची. तपासणी एकच: आईनं दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचे, काय होतं ते पाहायचं आणि मग पुन्हा सुरू करून पाहायचं.

"अंगावरचं पाजणं बंद करायचं नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला आणि कॅल्शियमच्या, व्हिटॅमिन 'डी'च्या गोळ्या लिहून दिल्या.

येताना आम्ही उंधियू घेतला. गाडीतच मी कागदाच्या द्रोणातून तो खाल्ला, वांग्यासकट, पापडीसकट. खाताना रडत होते. एक तर भूक होती. दुसरं म्हणजे, तीन आठवडे मी स्वतःला उपाशी ठेवून जे बाळासाठी करतेय असं मानत होते, त्याचा बाळाला काडीचा उपयोग नव्हता. आणि जे प्रेमानं चार वेळा पीत होते तेच तिला टोचत होतं.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली.

आनंद आमच्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. देशाला दूध पुरवायला निघालेल्या मुलखात आपण राहतो. इथे दूध बंद म्हणजे काय, हे लोकांना कळतच नाही. एका काकांनी लॅक्टोज नसलेलं दूध सुचवलं. पण लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि भांडण होतं प्रथिनांशी. शिवाय आईच्या दुधात लॅक्टोज असतंच, तिनं काहीही खाल्लं तरी. दुसऱ्यांनी गीर गाईचं ए-टू दूध आणून देतो म्हटलं. म्हशीचं, शेळीचंही सुचवून झालं. या सगळ्यांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की चिडलेल्या आतड्याला त्यातला फरक कळत नाही. हे मी दिवसातून तीन वेळा सांगत होते. शेवटी घरच्यांच्या ग्रुपवर एकदा लिहून टाकलं.

सगळ्यात अवघड होतं तूप. तुपात जवळजवळ सगळी चरबीच असते, पण घरच्या कढवलेल्या तुपात प्रथिनांचे अंश राहू शकतात. म्हणून तपासणीच्या काळात तेही बंद. आणि आमच्या आजेसासूबाईंनी, त्यांना घरात सगळे आजीच म्हणतात, माझ्यासाठी स्वतः बसून डिंकाचे लाडू वळले होते. ८४ वर्षांच्या आहेत. हाताची बोटं वाकली आहेत. स्टीलचा मोठा डबा भरून लाडू, किलोभर तूप ओतून केलेले. मी त्यांना सांगितलं, "आजी, हे लाडू मला आता चालणार नाहीत."

त्या काही बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेल्या. संध्याकाळी सासूबाईंजवळ म्हणाल्या, "चार बाळंतपणं केली मी. माझ्या हातच्या तुपानं कधी कुठलं पोर आजारी पडलं नाही." ते मला ऐकू यावं एवढ्या आवाजात म्हणाल्या.

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. कारण रात्री तीन वाजता पाजताना माझ्याही मनात तेच असायचं. माझ्याच दुधानं माझ्या पोरीला रक्त पडतंय. आजींना त्यांच्या तुपाचा जो अपमान वाटत होता, तोच मला माझ्या दुधाचा वाटत होता.

पाचव्या दिवशी रेघ नाहीशी झाली. शेंबूड कमी झाला. लेक सलग तीन तास झोपली आणि मी घाबरून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहायला दोनदा उठले.

अकराव्या दिवशी समोरच्या मासींनी हांडवो आणून दिला. मी विचारलं, "मासी, यात दूध नाही ना?" त्या म्हणाल्या, "ना रे, दूध क्यां थी होय?" दोन दिवसांनी रेघ परत. मग लक्षात आलं, हांडव्याचं पीठ आंबवतात ते दह्यात. मासी खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्या डोक्यात दूध म्हणजे पातेल्यातलं पांढरं दूध. दही वेगळं, ताक वेगळं, तूप तर त्याहून वेगळं. चूक माझ्या प्रश्नात होती. ऑफिसात क्लायंटला 'सगळं ठीक आहे ना' असं मोघम विचारलं तर तो 'हो'च म्हणतो, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या दिवसापासून मी नावं घेऊन विचारायला लागले: दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, पनीर, खवा, मिल्क पावडर. पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे काही सांगत नाही, तो फक्त शाकाहार सांगतो. घटकांची यादी वाचावी लागते. तिथे 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' अशी नावं घेऊन दूध बसलेलं असतं. टोस्टमध्ये सापडलं, ब्रेडमध्ये सापडलं, चटपटीत मसाला लावलेल्या चिप्समध्येही सापडलं.

डॉक्टर म्हणाले, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. मी रडवेली होऊन घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आता पुन्हा चार आठवडे."

आजी जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "चार आठवडेच?"

"हो. मग पुन्हा सुरू करून बघायचं."

"म्हणजे नेम आहे हा," आजी म्हणाल्या. "असं सांग ना. मला वाटलं, तुम्ही तूप कायमचं वाईट ठरवलंत."

आजी चातुर्मासात वांगं खात नाहीत. एका वर्षी त्यांनी मीठ सोडलं होतं. काय चालतं, काय चालत नाही, किती दिवस, चुकून खाल्लं तर काय करायचं, हे त्यांना मला शिकवायची गरज नव्हती, त्यांच्याकडूनच मला शिकायचं होतं. मी ज्याला डॉक्टरी भाषेत 'एलिमिनेशन डाएट' म्हणत होते ते आपल्या घरांत दर आषाढी एकादशीपासून चालतं. उपासाचा तवा वेगळा, झारा वेगळा, साबुदाण्यात चुकून हळद पडली तर ती खिचडी बाजूला. दुसऱ्या दिवसापासून आजींनी माझा तवा आणि कढई वेगळी काढली. तुपाच्या चमच्यानं माझ्या वरणाला शिवायचं नाही, यावर स्वतः पहारा ठेवला. मासींना जिन्यातच सांगितलं, "हिचा नेम आहे. दही-ताकसुद्धा नाही."

आणि लाडू पुन्हा केले. डिंक तिळाच्या तेलात तळला. खारीक, सुकं खोबरं, भाजलेले तीळ, नाचणीचं भाजलेलं पीठ, गूळ. वळताना मोडत होते, तुपासारखी पकड येत नव्हती. आजी पुटपुटत होत्या, पण वळत होत्या. मी त्यांना सांगितलं की १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिळात त्याच्या कितीतरी पट. पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, म्हणून गोळ्याही चालूच ठेवायच्या. आजी म्हणाल्या, "आकडे तू ठेव. तीळ मी घालते."

रथसप्तमीला लेकीचं बोरन्हाण झालं. चुरमुरे, बोरं, हलवा, उसाचे करवे डोक्यावरून पडले तेव्हा ती हसली नाही, पण रडलीही नाही. आमच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

चार आठवडे पूर्ण झाले. शी स्वच्छ, बाळ शांत. माझं वजन दीड किलोनं वाढलं होतं. आणि डॉक्टर म्हणाले, "आता दूध सुरू करा."

मी सरळ नाही म्हटलं. चाललंय ते कशाला मोडायचं? त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं वाटलं ते दूध बंद केल्यानंच, हे तुम्हाला कसं कळलं?" बऱ्याच बाळांची अशी रेघ आपोआपही थांबते. तसं असेल तर मी उगाच वर्षभर दुधावाचून राहणार, आणि पुढे लेकीलाही ठेवणार. रोज मी कनिष्ठांना सांगते की बग गेला असं वाटलं तर बदल उलटा फिरवून पाहा, तो परत येतो का ते तपासा. स्वतःच्या पोरीच्या बाबतीत मात्र ते पचत नव्हतं. जाणूनबुजून ती वाटी तोंडाला लावायची आणि मग दुपट्यावर रक्त येतंय का याची वाट बघायची, हे कोणत्या आईला जमेल?

नवरा म्हणाला, "तू एकटी करणार नाहीस. दुपटी मी बदलतो." पहिल्या दिवशी मी वाटीभर दही खाल्लं. दुसऱ्या दिवशी दूध, दही, तूप सगळं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खोलीतून बाहेर आला आणि त्यानं नुसती मान हलवली.

मी बसून रडले. पण त्या रडण्यात महिनाभराचा संशय वाहून गेला. आता माहीत होतं. तूरडाळ नाही, वांगं नाही, माझा चिडचिडेपणा नाही, कोणाची दृष्ट नाही. दूध. एवढंच. बाकी सगळं जग खायला मोकळं होतं.

पुढचे महिने सोपे नव्हते, पण सरळ होते. होळीला पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खाल्ली. कोकणातल्या लोकांना यात नवल नाही, आमच्या घरात होतं. जूनमध्ये २६ आठवड्यांची रजा संपली आणि मी ऑफिसला गेले, डब्यात स्वतःचा डबा आणि बाटलीत कोरा चहा घेऊन. त्याच महिन्यात लेकीचं उष्टावण झालं, तेही नारळाच्या दुधातल्या खिरीनं. आजींनी सोन्याच्या अंगठीनं पहिलं बोट चाटवलं.

अकराव्या महिन्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी आधी स्वतः दूध सुरू केलं. तीन दिवस गेले, आठवडा गेला, रेघ आली नाही. मग लेकीला आधी दूध घालून भाजलेलं बिस्किट, थोडंसं. मग जास्त. मग दही. अशी बहुतेक बाळं वर्षाच्या आसपास यातून बाहेर पडतात, असं डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी तेव्हा ऐकलं होतं, विश्वास आता बसला.

हे लिहिताना एक भीती वाटते, की वाचून एखादी नवी आई उद्यापासून दूध बंद करेल. कृपा करून तसं करू नका. दोन-तीन आठवड्यांच्या बाळाचं संध्याकाळचं रडणं बहुतेकदा नुसतं रडणं असतं. ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. शीत रक्त दिसलं, बाळाचं वजन वाढत नसलं, तर डॉक्टरांना दाखवा. दूध पोटात गेल्यावर लगेच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला, तर तो प्रकार वेगळा आणि धोक्याचा. तिथे घरी प्रयोग नाहीत. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. तिच्या ताटातून काही काढायचं असेल तर एक गोष्ट काढा, तारीख लिहून काढा, आणि परत कधी वाढणार ते आधी ठरवा.

या वर्षीच्या उत्तरायणाला आम्ही सगळे गच्चीवर होतो. लेक चौदाव्या महिन्यात. आजी खुर्चीवर बसून तिला दहीभात भरवत होत्या, अर्धा भात लेकीच्या तोंडात, अर्धा आजींच्या पदरावर. त्यांनी मला विचारलं, "नेम सुटला ना तुझा? मग उद्यापन केलंस का?"

मी खाली गेले आणि आलं घालून दुधाचा चहा केला. मधल्या दोन महिन्यांत दूध पोटात जात होतं ते तपासणीसाठी, मोजून, तक्त्यात लिहून. आवडीनं काही प्यायले नव्हते. कप घेऊन वर आले. पहिला घोट जडच लागला, कोऱ्या चहाची सवय झाली होती. तरी मी तो पूर्ण प्यायले. मग सवयीनं लेकीचं लंगोट तपासायला उठले.

"बस खाली," आजी म्हणाल्या. "मी बघितलंय."